ग्रॅनाइटमागचा कॉलम

जुना फ्लॅट घेताना लोक वकिलाला बोलावतात, वास्तूवाल्याला होकायंत्र घेऊन बोलावतात आणि इंटीरियरवाल्याला तर टोकन द्यायच्या आधीच नेऊन आणतात. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावणारे फार थोडे. मी त्यातलाच एक; सोसायट्यांची स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करण्यात माझा दिवस जातो, एकट्यादुकट्या गिऱ्हाइकासाठी फ्लॅट बघायचं काम क्वचितच येतं. म्हणून मुलुंड पूर्वेतल्या एका फ्लॅटसाठी एका काकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

काका बँकेतून निवृत्त झालेले, राहायला डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर. काकूंचे गुडघे गेलेले. मुलुंडला काकूंची बहीण शेजारच्याच गल्लीत राहते. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, भाव एक कोटी पाच लाख. टोकन देऊन झालं होतं, साठेखताचा मसुदा तयार होता. बँकेचा व्हॅल्युअर येऊन फोटो काढून गेला होता आणि त्याने इमारतीचं उर्वरित आयुष्य तीस वर्षं लिहिलं होतं. इमारत १९८४ सालची. हे तीस कुठून आले, असं मी त्या मंडळींना विचारायचं आता सोडून दिलं आहे. कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठा आकडा लागतो, तो येतो.

फ्लॅट देखणा होता. मालकाने नुकतंच काम करून घेतलेलं, सगळीकडे फॉल्स सीलिंग. मला फॉल्स सीलिंग दिसलं की आधी संशय येतो, कारण स्लॅब बघायलाच मिळत नाही. मालक ड्रिल लावू देईना. ते त्याच्या हक्कातलंच होतं, म्हणून मी बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधला एक गोल दिवा ओढून खाली घेतला आणि त्या भोकातून टॉर्च व मोबाईल वर सरकवला. स्लॅबच्या दोन सळ्या उघड्या पडून तांबूस पापुद्रे सुटलेले होते. त्याच्या खाली, पीओपीवर कुणीतरी व्यवस्थित एक प्लास्टिकचा ट्रे ठेवला होता. वरच्या संडासाचं झिरपणारं पाणी साठायला! ट्रे अर्धा भरलेला, कडेला पांढऱ्या क्षाराची रेघ. मालक म्हणाला, "ते आधीच्या मालकाचं असेल." फॉल्स सीलिंग त्याचंच, वर्षाचंही नसेल.

तरी एवढ्यावर मी कुणाला घर सोडा म्हणणार नाही. संडासाची गळती काढता येते, स्लॅबचा तेवढा तुकडा पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त होतो. स्लॅब सहसा आधी कुरकुरतो, पोपडे टाकतो, वाकतो, वेळ देतो. कॉलम तसा वेळ देईलच असं नाही. म्हणून कुणी फ्लॅट दाखवला की मी आधी नाहीतर नंतर, पण तळमजल्यावर जातोच.

स्टिल्टमधल्या, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या भागातल्या, सगळ्या कॉलमना छातीएवढ्या उंचीपर्यंत चकचकीत काळं ग्रॅनाइट लावलं होतं. सेक्रेटरींनी अभिमानाने सांगितलं की सुशोभीकरणाचा ठराव त्यांच्याच काळात झाला. त्या पैशात निदान काही कॉलमचं जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीट घालून बळकटी, झालं असतं, पण जॅकेटिंगचं उद्घाटन करता येत नाही. ग्रॅनाइटवर हातोडी मारून काही कळत नाही. मात्र एका कॉलमची मागची बाजू पंपरूममध्ये होती आणि पंपरूम कोण सजवणार?

वॉचमनने कुलूप काढलं. संडासांचा उभा पाइप त्या कॉलमला चिकटूनच खाली आलेला, त्याच्या जोडातून पाणी गळत होतं. मी हातोडी टेकवली, बद्द आवाज आला. जरा वर मारली तर परातीएवढं प्लास्टर, मागच्या काँक्रीटसकट, माझ्या बुटावर आलं.

आतल्या सळ्या टॉरच्या होत्या, पीळ दिलेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईत सगळीकडे याच वापरल्या. पीळ देऊन ताकद वाढवली जाते खरी, पण त्या पोलादात ताण राहून जातो आणि ओल मिळाली की गंजही लवकर धरतो. वर त्या काळात खाडीची रेती सर्रास यायची, मिठासकट. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, तो काँक्रीट आतून फोडतो. सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, ४० मिलिमीटर हवं, इथे मोजून २० भरलं. ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. काँक्रीट धड असेल तर ते गडद गुलाबी होतं. इथे सळईच्या मागेपर्यंत रंगच आला नाही. म्हणजे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण, जो लोखंडाला सांभाळतो, तो संपलेला.

मग वायर ब्रशने कोपऱ्यातली सळई घासून वर्निअर लावला. मूळ २० मिलिमीटरची, उरलेली १५. ऐकणाऱ्याला वाटतं पाव गेली. पण भार व्यास घेत नाही, क्षेत्रफळ घेतं आणि क्षेत्रफळाचा हिशोब केला तर ४४ टक्के गेलेली. त्याहून वाईट म्हणजे उभ्या सळ्यांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा. सहा मिलिमीटरच्या रिंगा दोन ठिकाणी तुटून नुसतं तांबडं चूर्ण उरलं होतं. रिंगा तुटल्या की मोळीची दोरी सुटल्यासारखं होतं, उभ्या सळ्यांना बाहेर फाकायला मोकळीक मिळते. आणि या कॉलमवर पाच मजले.

काका माझ्या मागेच उभे होते. मी मोबाईलच्या उजेडात सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साहेब, घेऊ की नको?"

मी म्हटलं, "काका, फ्लॅट तुमचा होईल, पण हा कॉलम तुमचा होणार नाही. तो सोसायटीचा. तुम्ही कितीही पैसे घेऊन उभे राहिलात तरी ठराव झाल्याशिवाय त्याला हात लावता येणार नाही." ज्या सोसायटीच्या उपविधीत तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं लिहिलेलं आहे, तिथे शेवटचा रिपोर्ट कपाटातून काढायला सेक्रेटरींना किल्लीच सापडत नव्हती.

ब्रोकर मात्र खुशीत होता. "अहो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटलाच जाणार आहे. २०१९ पासून तर ५१ टक्के सभासदांच्या संमतीतच काम होतं. रिपोर्ट वाईट असेल तर उलट चांगलंच की!" मुंबईत माझ्या धंद्याची अशी गत आहे. मी धोका लिहितो आणि लोक त्यात वाढीव चौरस फूट वाचतात. मी कन्व्हेयन्सचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का ते, विचारलं. झालेला नव्हता. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर, मालक सही देत नसेल तर सरकारकडून मिळवायच्या डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्जही नाही. अशा जागेत शहाणा बिल्डर सहजी पैसे अडकवत नाही. रिडेव्हलपमेंट होईपर्यंत त्या पाच मजल्यांना उभं कोण ठेवणार, यावर ब्रोकरकडे उत्तर नव्हतं.

खरी कटकट त्यानंतर झाली. मी काकांना म्हटलं, रिपोर्टमधलं कॉलमचं पान आजच सोसायटीला द्यायला हवं, बीमखाली टेकू लागले पाहिजेत. काका गप्प झाले. मग म्हणाले, "दोन दिवस थांबा. आधी मालकाला दाखवतो, आठ-दहा लाख सुटतील. एकदा सगळ्या बिल्डिंगला कळलं की मग कुणाचं काय राहील?" त्यांचं चूक होतं असं नाही. रिपोर्टचे पैसे त्यांनी दिलेले, तो कागद त्यांचा. सौद्यात त्या पानाला किंमत होती, आणि किंमत होती ती ते कुणाला माहीत नव्हतं म्हणूनच. पण वर वीस बिऱ्हाडं होती. मी सांगितलं की फ्लॅटबद्दलचं एक अक्षर कुणाला देणार नाही, कॉलमचं मात्र देणार, तुमचं नाव न घालता. काका रागावले. रागावणारच.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या हातात पत्र दिलं: कॉलमची जागा, सळईची झीज, लगेच टेकू, पाइपची गळती बंद करा, पूर्ण ऑडिट करा. पोच मागितली. "तुम्हाला सोसायटीने बोलावलं होतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सही मात्र केली.

टेकू लागले. काकांनी मालकाला सांगितलं की जॅकेटिंग झाल्याशिवाय साठेखत करणार नाही. मालकाने थांबायला नकार दिला. टोकन परत मिळालं की नाही हे काकांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते अजून डोंबिवलीतच आहेत. दिवाळीला फोन केला तर काकू बोलल्या: "जिना उतरायला आता दहा मिनिटं लागतात." त्यात टोमणा होता का, मला कळलं नाही. माझ्या हिशोबात काकूंच्या गुडघ्यांना रकाना नव्हता, हे मात्र अधूनमधून मनात येतं. तो कॉलम नीट दुरुस्त झाला तर काही लाख आणि दोन महिन्यांचा प्रश्न होता. बहिणीच्या गल्लीत, लिफ्ट असलेलं, त्यांना परवडणारं दुसरं घर त्यांना अजून मिळालेलं नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. तोच फ्लॅट घेतोय म्हणाला, नंबर ब्रोकरने दिला. रिपोर्टची प्रत मिळेल का? मी म्हटलं, तो दुसऱ्याचा आहे, तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या, आणि आधी कन्व्हेयन्सचं बघा.

"तपासणी नको हो, एवढंच सांगा," तो म्हणाला. "त्यात सी-वन लिहिलंय का?"

सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. मी सांगितलं की एका फ्लॅटच्या तपासणीवरून इमारतीचा वर्ग ठरवता येत नाही.

"पण पूर्ण ऑडिट झालं तर येईल ना?" त्याने विचारलं. आवाजात चांगलीच उमेद होती.