आमच्या पत्राचे चार खर्डे

2023 च्या डिसेंबरात एका रविवारी प्रवचन झाल्यावर फादरांनी बिशपस्वामींचं पत्र वाचून दाखवलं. आमच्या पॅरिश (म्हणजे आमच्या वस्तीच्या) चर्चमधली जुन्या रीतीची लॅटिन मिस्सा, म्हणजे 1970 च्या सुधारणेआधीची भाकर-द्राक्षारसाची उपासना, नाताळनंतर बंद होणार होती.

मी मूळची वसईची, नोकरीमुळे इंग्लंडला आलेली. मराठी मिस्सेत वाढले, तिच्याबद्दल मला आजही प्रेमच आहे. पण इथे पहिल्यांदा लॅटिन मिस्सेला गेले, 'एत कुम स्पिरितू तूओ' ('आणि तुझ्या आत्म्याबरोबर') हे लोकांचं उत्तर कानावर पडलं आणि आजी आठवली. तांदूळ निवडता निवडता ती हीच उत्तरं पुटपुटायची. चर्चमध्ये ती पदर डोक्यावर घ्यायची. इथल्या बायका लेसचा रुमाल घेतात, मी ओढणी घेते.

बंदीचं मूळ होतं पोप फ्रान्सिस यांच्या 16 जुलै 2021 च्या 'त्रादिसिओनिस कुस्तोदेस' या आदेशात. जुनी मिस्सा पॅरिश चर्चमध्ये नको, असं त्यात आहे. बऱ्याच बिशपांनी आपल्या अधिकारात सूट दिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये रोमने तो अधिकारही स्वतःकडे घेतला. त्याआधी, डिसेंबर 2021 मध्ये खुलासा आला होता की ही मिस्सा पॅरिशच्या वेळापत्रकात देणं योग्य नाही. आमच्या बुलेटिनमधली 'रविवार, दुपारी साडेबारा' ही ओळ तेव्हाच गेली. म्हातारी माणसं एकमेकांना फोन करून विचारायची, आज आहे ना? मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मिस्सा आहे, पण ती आहे असं म्हणायचं नाही.

बिशपस्वामींना लिहायचं ठरलं. पहिला खर्डा आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी केला, चार पानी. त्यात सगळंच होतं: पोप फ्रान्सिस यांच्या कुटुंबाविषयीच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रातली 351 वी तळटीप (घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना काही वेळा संस्कार मिळू शकतील असं सुचवणारी), धर्मांची विविधता ही देवाची इच्छा आहे असं म्हणणारा 2019 चा अबू धाबीचा जाहीरनामा, त्याच वर्षी व्हॅटिकनच्या बागेत आणलेल्या पाचामामाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या धरणीमातेच्या, मूर्ती. त्यातच 18 डिसेंबरला समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयीचं 'फिदुचिया सुप्लिकान्स' आलं आणि पाचवं पान जोडलं गेलं.

यातलं बरंचसं मलाही खुपतं. 2016 मध्ये चार कार्डिनलांनी पोपना 'आमोरिस लेतित्सिया'बद्दल पाच प्रश्न लेखी विचारले आणि त्या चौघांना थेट उत्तर मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण आमचे बिशप त्याला काय करणार? जे त्यांच्या हातात आहे तेच मागायला हवं होतं. यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी पाच पानांचं एक झालं.

सुरुवातीलाच ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या 212 व्या नियमाचा आधार घेतला. आपलं मत धर्मपालांना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही आहे, पण ते आदर राखून. मग मुद्दा मांडला. पॉल सहावे आणि जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेली उपासनेची नवी पुस्तकं हीच रोमन रीतीच्या प्रार्थना-नियमाची एकमेव अभिव्यक्ती, असं आदेशाचं पहिलंच कलम म्हणतं. तसं असेल तर इतकी शतकं संतांनी केली ती प्रार्थना कोणाची? 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनीच बिशपांना लिहिलं होतं की आधीच्या पिढ्यांना जे पवित्र होतं ते आपल्यालाही पवित्रच आहे. 1971 चा दाखलाही दिला. तेव्हा इथल्या लेखक-कलावंतांनी सह्यांचं निवेदन पाठवलं होतं, अगाथा ख्रिस्तीसुद्धा त्यात होत्या, आणि पोप पॉल सहावे यांनी इंग्लंड-वेल्सला जुन्या मिस्सेची सवलत दिली होती.

खरी ओढाताण एका वाक्यावर झाली. 'आम्हाला हा आदेश मान्य नाही' असं शिक्षकांनी लिहिलं होतं. मी ते खोडून लिहिलं, 'आदेश आम्ही पाळू. तो चुकीचा आहे असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगायची मुभा असावी.' ते चिडले. 1988 मध्ये नव्या मिस्सेला विरोध करणाऱ्या आर्चबिशप लफेव्र यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप अभिषिक्त केले नसते तर ही मिस्सा उरलीच नसती, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण पोपशी नातं तोडून मिळणारी मिस्सा मला नको होती, आणि ते मी त्यांना सांगितलं. चौथ्या खर्ड्यावर त्यांनी सगळ्यात शेवटी सही केली.

अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. पॅरिश चर्चसाठी नकार. मात्र धर्मभगिनींच्या मठातल्या चॅपलमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी, परवानगी.

पहिल्या रविवारी आम्ही तिथल्या खुर्च्या बाजूला सारल्या. वेदीपुढे कठडा नव्हता, सरळ फरशीवर गुडघे टेकले. शिक्षक माझ्या शेजारी होते. कॅनन (मिस्सेतली मुख्य प्रार्थना, ती अगदी हळू म्हणतात) सुरू झालं, फादरांचा आवाज बंद झाला आणि शिक्षकांनी आपल्या जुन्या मिस्साग्रंथातल्या ओळीवर बोट ठेवलं. पोपसाठीच्या प्रार्थनेत छापील पानावर नावाच्या जागी नुसतं एक अक्षर असतं. तिथे समासात त्यांनी पेन्सिलीने नावं लिहिली होती. 'बेनेदिक्तो'वर रेघ मारलेली होती. खाली, ठसठशीत, 'फ्रान्सिस्को'.