तुम्ही विचारलंत म्हणून: आडदिवशी मासे कसे जमतात?

"सोलापूर हे मटणाचं गाव. तिथं राहून आडदिवशी, तेही कामावरून आल्यावर, मासे कसे करता? एवढा वेळ मिळतो कुठून?" ऑफिसात विचारतात, माहेरीही विचारतात.

खरं सांगते, वेळ वाटणाला लागतो, माशाला नाही. मटणाच्या सवयीनं आपण माशालाही कांदा-खोबरं भाजून रस्सा करायला बसतो. माशाचं मांस मुळातच कोवळं, काही मिनिटांत शिजतं. पुढे शिजवत राहिलात तर कोरडं तरी पडतं, नाहीतर रश्श्यात त्याचा भुगा होतो. म्हणून आडदिवशी तवाच बरा.

मी उजनी धरणातली चिलापी, म्हणजे तिलापिया, आणते. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुतोंडी काटे असतात, मुलांना भरवताना जीव टांगणीला लागतो. चिलापीला तो त्रास कमी. कल्ले लाल असावेत, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यावं. खवले काढून, साफ करून, दोन्ही बाजूंना चिरा पाडून तिथंच मागायची.

"त्याला मातीचा वास येतो" म्हणून पुष्कळजण गोड्या पाण्यातला मासा घेतच नाहीत. हा वास पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि आंबटापुढे तो टिकत नाही. घरी आल्या आल्या मीठ, हळद आणि सढळ हातानं लिंबू चोळून ठेवा. दहा मिनिटं पुरतात.

तेवढ्यात मेथी निवडून, धुऊन, चिरून होते. लसूण-मिरचीची फोडणी, वर मेथी, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायची, पाणी आटलं की मूठभर दाण्याचं कूट. झाकण ठेवलं की हिरवा रंग गेलाच.

माशाचं सुटलेलं पाणी निथळून ठेचलेला लसूण आणि काळं तिखट चिरांत भरा, वरून ज्वारीचं पीठ लावा. रव्यापेक्षा मला हे आवडतं, तेल कमी पितं. लोखंडी तवा चांगला तापला की दोन चमचे तेल, मग मासा. आणि आता हात आवरा! कड सोनेरी होऊन मासा आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. एका बाजूला चारेक मिनिटं. सगळ्यात जाड भागात सुरीचं टोक घालून बघा: मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर लगेच उतरवा.

सोबत भाकरी. थापायचा कंटाळा आला तर कडक भाकरी आहेच.

बांगडा याच रीतीनं होतो, त्यात ओमेगा-३ चिलापीपेक्षा बरंच जास्त, म्हणून चांगला मिळाला तर जरूर घ्या. फक्त जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा उजनीचंच बघा.