ऑटोमॅटिक झटके देतीय? आधी तेलाची पट्टी काढा

दहा-पंधरा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी 'डी'त टाकल्यावर दोन सेकंद गप्प राहते आणि मग धाडकन ओढते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'गिअरबॉक्स उतरवायला लागतोय.' लागेलही, पण आधी गिअरबॉक्सचं तेल (इंजिनचं नव्हे) त्याच्या मोजपट्टीवर बघा. (एएमटीवाल्यांनी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्रानं बदलणाऱ्या गाडीवाल्यांनी, हे सोडून द्या, तुमचा क्लच साध्या गाडीसारखाच आहे.)

गाडी पंधरा किलोमीटर फिरवून सपाट जागी लावा. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत 'पी'त आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी बघतात. जुन्या होंडात मात्र बंद करून, दीड मिनिटाच्या आत. इथं चुकून लोक उगाच तेल ओततात. जादा तेलाचा फेस होतो, तेलाचा दाब कमी होतो आणि नसलेला बिघाड तयार होतो.

पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसा. लालसर, स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी आणि करपल्याचा वास म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट जळाल्यात. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. मग रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर रेडिएटरमधला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फुटलाय. कूलंट स्वच्छ असेल तर पाणी बहुधा ब्रीदरमधून (गिअरबॉक्सला हवा ये-जा करायची नळी) गेलंय. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घेताना ही तपासणी चुकवूच नका. पाण्यानं प्लेटवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. नुसतं तेल बदलून अस्तर परत चिकटत नाही.

तेल चांगलं असेल तर रस्त्यावर या. पन्हाळ्याच्या चढाला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतोय. कागलकडं हायवेला साठ-ऐंशीच्या वेगात गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर मागं कुणी नाही बघून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवत डाव्या पायानं ब्रेक पेडल जरासं टेकवा. थरथर तिथंच थांबली तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अपमध्ये, म्हणजे त्यातल्या थेट जोडणाऱ्या क्लचमध्ये आहे. नाही थांबली तर प्लग, कॉइल, माउंटिंग बघा. स्कॅनरवर पी0700 एवढाच कोड आला तर तो नुसता निरोप्या. खरा कोड ट्रान्समिशनच्या मॉड्यूलमध्ये वाचायचा.

शेवटी गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं चेंबर खोला. निघालेलं तेल मोजा, तेवढंच नवं भरा. उरलेलं कन्व्हर्टरमध्येच राहतं. चेंबरमधल्या लोहचुंबकावरचा राखाडी लेप नेहमीचाच. बोटाला टोचणारे कण लागले, तर मात्र गिअरबॉक्स खरंच उतरवायला लागतोय.