तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग येतं, मग माती कशाला शिकायची?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. 'आम्ही कॉम्प्युटरवाले. स्मार्ट ठिबक करतोय, म्हणजे सेन्सर मातीतली ओल बघणार आणि कमी झाली की पाण्याची मोटर आपोआप चालू करणार. त्यात शेतीचं शास्त्र कशाला?'

कोड बिनचूक असूनही पीक वाळतं, म्हणून.

बाजारातला ओल मोजायचा स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीत खुपसायचं पातं) पाणी मोजतच नाही. तो डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा, म्हणजे पदार्थ विजेचा भार किती साठवू देतो त्या आकड्याचा, अंदाज घेतो: पाण्याचा सुमारे ८०, मातीच्या कणांचा ३ ते ५, हवेचा १. बारामती-इंदापूरकडची काळी माती वाळली की आकसते, सेन्सरच्या पात्याभोवती फट पडते आणि आकडा एकदम 'कोरडं' म्हणतो. मोटर सुरू होते, पाणी भेगेतून खाली जातं. विद्राव्य खतांचं याच्या उलट. ठिबकमधून खत सोडलं की क्षार वाढतात आणि कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या या सेन्सरला ते ओलाव्यासारखेच दिसतात. मुळं तहानलेली, पडद्यावर 'भरपूर ओल'. हा दोष डीबग करून सापडत नाही.

म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी जुळवून घेणं, त्याच रानाच्या मातीत करा. हवेत शून्य आणि पाण्याच्या ग्लासात शंभर, ही प्रदर्शनापुरती पद्धत झाली. माती वाळवा, शेतात असते तेवढीच दाबून डब्यात भरा, पाणी वाढवत पाच-सहा टप्प्यांवर रीडिंग घ्या. दर टप्प्याचा नमुना तोलून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवा आणि पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले मातीची स्थूल घनता (कोरड्या मातीचं वजन भागिले डब्यात तिने व्यापलेली जागा, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये): हे झालं घनफळाने पाण्याचं प्रमाण. पुरंदरच्या मुरमाड जमिनीसाठी आलेख नव्याने काढायचा.

सेन्सर ज्याला जोडता त्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपवर वायफाय चालू असताना एडीसी-२ (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) च्या पिना वाचता येत नाहीत, एडीसी-१ वापरा. हे तुम्हाला कुठेही मिळेल.

विजेचं मात्र कुणी सांगत नाही. पुष्कळ गावांत शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. 'ओल घटली की मोटर चालू' हा नियम वीज नसताना काय कामाचा? पुढच्या पाळीपर्यंत ओल पुरेल का, हे आधी काढावं लागतं. त्याला मुळांची खोली, पिकाची अवस्था आणि बाष्पीभवन कळायला हवं. शिवाय मोटर चालू-बंद करणाऱ्या पुष्कळ स्टार्टर पेट्यांना आधीच 'ऑटो' स्विच जोडलेला असतो. वीज आली की तो मोटर चालू करतो, तुमचा रिले (कोडच्या हुकमावर चालणारा स्विच) काहीही म्हणो. वायरिंग करण्याआधी गावातल्या वायरमनला पेटी उघडून दाखवायला सांगा. आणि गटात चौथा कोडर घेण्यापेक्षा कृषी महाविद्यालयातलं कुणीतरी घ्या. ते शिवाजीनगरलाच आहे, काही लांब नाही.