हॉलच्या भिंतीला पिकलेल्या जांभळाचा रंग

गडद रंग दिला की खोली लहान दिसते, अंधारते, असं आमच्याकडे सगळ्यांचंच म्हणणं होतं, सासूबाईंचं तर फारच. तरी फोंड्याच्या घरात हॉलच्या एका भिंतीला मी पिकलेल्या जांभळाचा, थोडासा कोकमाच्या सालीकडे जाणारा रंग लावून घेतलाच आणि मला तो जाम आवडलाय! खाली जुना लाल कोबा, वर कौलं आणि लाकडी वासे, त्यात हा रंग इतका सुंदर बसतो की काय सांगू. आणि आपल्या गोव्याला रंगाचं वावडं कधी होतं, पणजीत फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत एक चक्कर मारा, गेरू, निळा, पिवळा, सगळे ठसठशीत रंग, पण खिडक्या-दारांभोवती पांढरे पट्टे असतात म्हणून ते उठून दिसतात. तेच मी घरात केलं, चौकटी आणि बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या.

पण भिंत कुठली निवडायची हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात घरं चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची, चिरा पाणी पितो. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत गडद रंगवली तर ओल आल्यावर क्षाराचे पांढरे डाग त्यावर लगेच दिसतात, ऑफव्हाइटवर ते खपून जातात. म्हणून आतली भिंत घ्या. आणि जुन्या घरात चुन्याचा गिलावा असेल तर आधी माहितगार माणसाला दाखवा, कारण प्लास्टिक पेंटने आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याच्या रंगात एवढा गडद शेड मिळत पण नाही, चुना मुळात पांढरा, तो सगळं फिकट करतो.

अजून एक, पेंटरला आधी करडा प्रायमर मारायला सांगा. असे लालसर जांभळे रंग खालचं नीट झाकत नाहीत, पांढऱ्या प्रायमरवर रंगाचे हात वाढत जातात आणि तरी रोलरचे पट्टे दिसतात. फिनिश मॅट घेतलं, कारण चकचकीत फिनिशमधे भिंतीचा प्रत्येक खड्डा दिसतो, फक्त मॅटवर हात लागले की डाग राहतात, लहान मुलं असतील तर हलकी चमक असलेलं घ्या.

दिवे बदला, प्लीज! 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली हाच रंग निळसर, मेलेला दिसतो. 2700 ते 3000 वाला पिवळसर बल्ब लावला की त्यातला लाल वर येतो आणि संध्याकाळी हॉल इतका उबदार वाटतो, अंधारलेला अजिबात नाही.

आमचा गणपती याच भिंतीपुढे बसतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीला, बांधलेली हिरवी-पिवळी तोरिंजनं, सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलां या गडद रंगापुढे इतकी खुलतात, पांढऱ्या भिंतीपुढे हे कधी दिसलंच नव्हतं. तेवढं चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आल्यावर रंग द्यायची आपली सवय मात्र सोडा, भर पावसात भिंत सुकत नाही, एप्रिल-मे मधेच उरकून घ्या. सगळे डबे एकदमच मिक्स करून आणा, नंतर आणलेल्या डब्यात थोडा फरक येऊ शकतो आणि गडद रंगात तो कळतो, उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवा आणि शेडचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा.