नजरबंदीवाली पोरगी

रविवार, रात्री

भाच्याला सुपरहिरोईन हवी आहे. ती खानापूरची असावी, बेळगावला कॉलेजला येत असावी आणि तिला नजरबंदी करता यावी, एवढं त्यानं ठरवलंय. चित्रं काढायची मी. पहिलं चित्र बसमधलं. कंडक्टरला खोटं तिकीट दाखवून ती फुकट जाते, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "मावशी, बायकांना फुकटच हाय की गे. आधार कार्ड दाखवलं की झालं." खरंच, २०२३ पासून शक्ती योजना आहे. पहिला चमत्कार सरकारनंच करून टाकला.

खरी पंचाईत वेगळीच. आपल्या गोष्टींत माया बहुतेक दुसऱ्या बाजूची. मारीच सोन्याचं हरीण होतो, इंद्रजित मायेची सीता रणात आणून हनुमानासमोर मारतो. मयसभेत दुर्योधन कोरड्या फरशीवर वस्त्रं सावरतो आणि पुढे खऱ्या पाण्यात पडतो. तिथं हसले पांडव, पण ते हसू किती महागात पडलं! ही विद्या हाती असलेली चांगली मुलगी कुठून आणायची? मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९८२ साली डॅनी मूनस्टार आली. अमेरिकेतल्या मूळनिवासी शायान जमातीची, म्युटंट म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या मुलांच्या शाळेतली विद्यार्थिनी. समोरच्याच्या मनातलीच भीती ती त्याच्या डोळ्यांपुढे उभी करते, आणि सुरुवातीला ते तिच्या ताब्यातही नसतं. हे मला पटलं. चित्र तिचं नाही, बघणाऱ्याचं.

बेळगावकरांना तसं हे नवं नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीच्या मागं एक अफझलखान वडापाव खाताना बघितला होता. दाढी डिंकानं चिकटवलेली, एका गालावरून सुटलेली. ती डाव्या हातानं दाबून धरत तो उजव्या हातानं खात होता. पलीकडच्या गल्लीतला पोरगा, सगळ्यांच्या ओळखीचा. थोड्या वेळानं दिवे लागले, धूर सोडला, महाराजांनी वाघनखं काढली आणि माझ्या शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. त्यांना काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. फसवलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

तेव्हा आमच्या पोरीला चोरून फसवायला बंदी. दुकानांच्या पाट्या ज्याला त्याला आपापल्या भाषेत दिसतील, ही कल्पना इथं कुणालाही आधी सुचेल. मलाही सुचली आणि मी ती खोडली. पाटी खाली तशीच राहते, आणि मग ती बदला म्हणायचंही कुणाला सुचणार नाही. उसात शिरलेला हत्ती हुसकावणं भाच्यानं स्वतःच रद्द केलं. हत्ती वासावर चालतो, त्याला नुसता दिसणारा वाघ काय करणार!

राहिला पावसाळा. मलप्रभेला पूर आलाय, बुटक्या पुलावरून घोटाभर पाणी वाहतंय आणि ड्रायव्हर म्हणतोय, "जातंय की." त्याच्या पोटातली भीती ती बाहेर काढते: कठड्याच्या वर उसळणारं लाल पाणी. बस थांबते. आत बसलेल्यांना मात्र घोटाभरच दिसतंय, सगळे ड्रायव्हरवर ओरडतायत, आणि कॉलेजच्या पहिल्या तासाला उशीर झाला म्हणून तीही ओरडते.

हे भाच्याला आवडलं. फक्त ड्रायव्हरला त्याच्या पप्पांसारखी मिशी हवी म्हणतोय.