इग्वाना पाळताय? आधी उजेडाचं बघा

हिरवा इग्वाना हा एक मोठा सरडा, पण विकत घेताना वीतभर असतो. मोठा झाला की शेपटीसकट दीड मीटर. काचेची टाकी त्याला पुरतच नाही. माणसाएवढा उंच जाळीचा पिंजरा आणि चढायला जाड फांद्या हव्यात.

सगळ्यात जास्त चूक होते ती उजेडात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन निरुपयोगी, कारण काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. त्या किरणांशिवाय ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. जबडा सुजला, पाय थरथरू लागले की ताबडतोब सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गाठा. हे किरण देणारी यूव्हीबी ट्यूब रोज १२ तास चालू ठेवा आणि वर्षाच्या आत बदला. ती पेटत राहते, पण किरण क्षीण होतात. शेकायची जागा ३५ अंशांच्या आसपास ठेवा, सावलीचा कोपराही हवाच.

खाणं शाकाहारीच: शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कुत्र्याचं खाणं तर अजिबात नको, मूत्रपिंडं निकामी होतात.

आणि हो, इग्वाना साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. विक्रेत्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.